नवव्या रकान्यातलं नाव

१

विम्याच्या दाव्याच्या अर्जात नववा रकाना असतो: अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्याचं नाव आणि लायसन्स नंबर. सर्व्हेअर मनीषा पगारेनं पंधरा वर्षांत असे हजारभर अर्ज पाहिले असतील, पण या रकान्याकडे तिनं कधी दोनदा पाहिलं नव्हतं. झोपेत जीप घातलेली असो की पिऊन ट्रक, चालवणारा कोणीतरी असतोच की!

२००७ सालचा दसरा होऊन तिसऱ्या दिवशी टेबलावर आलेल्या अर्जापाशी मात्र ती अडली. सगळा अर्ज स्वच्छ टाइप केलेला. फक्त नववा रकाना पेनानं भरलेला, तोही घाईघाईत: धोंडीराम खैरनार. आणि वर गाडीच्या वर्णनात लिहिलेलं, ‘विनाचालक चालणारी व्हॅन’.

“घ्या! गाडी विनाचालक, आणि चालक धोंडीराम,” मनीषा स्वतःशीच पुटपुटली. तिनं स्कूटर काढली आणि सातपूरचा रस्ता धरला.

प्रकरण काय, ते एव्हाना पेपर वाचणाऱ्या सगळ्या नाशकाला ठाऊक होतं. परदेशात शिकून आलेल्या ज्ञानेश गायधनीनं सात वर्षं खपून आपली आपण चालणारी गाडी बनवली होती. नाव ठेवलं ‘स्वयंरथ’. दसऱ्याच्या सकाळी, मुंबईहून आलेल्या बड्या पाहुण्यांसमोर, औद्योगिक वसाहतीतल्या मागच्या रस्त्यावर तिची पहिली जाहीर फेरी होती. दोनशे मीटर गाडी शहाण्यासारखी चालली. डाव्या वळणावर मात्र वळायचं सोडून सरळ गेली, आणि रस्त्याच्या उजव्या कडेला झेंडू विकत बसलेल्या नवसाबाईच्या अंगावर चढली. बाईच्या मांडीचं हाड मोडलं. जीव वाचला, ही देवाची कृपा म्हणायची.

शेडमध्ये व्हॅन उभी होती. समोर झेंडूची माळ, मागं माळ, दोन्ही दारांना एकेक माळ. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, बंपरला लिंबू-मिरची. आत डॅशबोर्डच्या मधोमध स्क्रूनं बसवलेला पितळी गणपती. मनीषानं दार उघडून वाकून पाहिलं. स्टीअरिंगच्या वरच्या अर्ध्या भागावर कुंकवाची पाच बोटं ओळीनं उमटलेली होती, अगदी ठसठशीत. गणपतीच्या पायाशी निळ्या दोऱ्याचा बोटभर तुकडा पडला होता, एका बाजूनं नीट कापलेला. तिनं सवयीप्रमाणे सगळ्याचे फोटो काढले.

“हे चालतं कसं, मला अडाणी बाईला कळेल असं सांगा,” ती म्हणाली.

ज्ञानेश चाळिशीचा, बारीक, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस होता. “वर कॅमेरा आहे. तो रस्त्यावरचा पांढरा पट्टा बघतो. त्याप्रमाणे संगणक स्टीअरिंग फिरवतो. सुरक्षेसाठी एक माणूस बसवावा लागतो. त्यानं स्टीअरिंगला जोर लावला, की संगणक त्याच क्षणी बाजूला होतो आणि गाडी त्याच्या ताब्यात जाते.”

“गाडी आपल्या ताब्यात आली, हे त्या माणसाला कसं कळतं?”

“हा दिवा. हिरवा म्हणजे यंत्र, लाल म्हणजे माणूस.” दिवा स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी होता, हरभऱ्याएवढा.

“भोंगा वगैरे?”

“तो पुढच्या टप्प्यात.” ज्ञानेशनं विषय आवरला आणि एक छापील कागद तिच्यापुढे धरला. “गाडीत नोंदीचा डबा आहे. त्यातली ही नोंद. वळण सुरू झालं त्या क्षणी, ही ओळ वाचा.”

मनीषानं वाचलं. ‘स्टीअरिंगवर बाहेरून जोर. ताबा: माणूस.’ त्यानंतर दोन सेकंदांनी, ‘ब्रेक.’

“माझ्या यंत्रानं चूक केलेली नाही, मॅडम,” ज्ञानेश म्हणाला. “धोंडीरामनं स्टीअरिंग धरलं आणि गाडी बाईवर घातली. का घातली, ते पोलिसांना विचारा. त्यांना कारण सापडलंय.”

२

इन्स्पेक्टर खंडेराव निकम चहा पिता पिता हसले. “मॅडम, कायद्यात यंत्राला आरोपी करायची सोय नाही. बेड्या कुठं घालू, कॅमेऱ्याला? माणूस बसला होता, लायसन्स माणसाचं होतं, माणूस आत.”

“आणि कारण?”

“चिमाजी बोरस्ते. टेम्पो-रिक्षावाल्यांचा पुढारी, ह्या धोंडीरामचा साडू. महिनाभर त्याची भाषणं चाललीयत, की ही गाडी आली तर पाच हजार ड्रायव्हरांच्या चुली विझतील. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तो धोंडीरामच्या घरी जाऊन आला. सकाळी पाहुण्यांदेखत गाडी आपटली. दोन आणि दोन चार.”

धोंडीराम बाहेर बाकावर बसला होता. पन्नाशीचा, इस्त्रीच्या खाकी शर्टातला माणूस. जामीन झाला होता, पण लायसन्स इन्स्पेक्टरच्या खणात होतं आणि ते परत मिळण्याची चिन्हं नव्हती. मनीषा शेजारी बसली, तेव्हा तो तिच्याकडे न बघताच बोलायला लागला.

“बावीस वर्षं चालवतोय, मॅडम. घाटात चालवली, कुंभमेळ्यात चालवली. कुणाच्या कोंबडीला धक्का नाय लागला. मला दुसरं काय येतं? लायसन्स गेलं, तर मी माणूस म्हणून संपलो. घरचे तोंडावर काही बोलत नायत, तेच जास्त लागतंय.”

“स्टीअरिंगला हात लावलात?”

“आईची आण, नाय. साहेबांनी बजावलं होतं, पाहुण्यांपुढं हात दिसला तर उद्यापासून येऊ नको. वरून साहेबांच्या आईनं सांगितलं, पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाय. मग काय, हात मांडीवर. वळणापाशी नवसाबाई दिसली. ती सायखेड्याची, माझ्या मावशीच्या गल्लीतली. सणाचा दिवस, दोन्ही हातांनी रामराम घातला. तेवढ्यात बघतो, तर गाडी वळेना! वाटलं आत्ता वळंल, आत्ता वळंल. मग पाय गेला ब्रेकवर. पायाला कुणी शपथ घातली नव्हती.”

“दिवा लाल झालेला दिसला?”

“कसला दिवा?” धोंडीरामनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. “मी रस्ता बघत होतो, मॅडम. गुडघे नाय.”

मनीषाला हा माणूस खोटं बोलतोय असं वाटेना. पण चेहऱ्यावर विश्वास ठेवून अहवाल लिहिता आला असता, तर सर्व्हेअरची गरजच काय होती? एकतर धोंडीराम खोटा, नाहीतर डबा खोटा.

“चिमाजी कशाला आला होता?” असं तिनं उठता उठता विचारलं, तसा धोंडीरामचा चेहरा पडला. “दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी म्हणते मी.”

“ते विचारू नका,” तो म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

३

नवसाबाई दवाखान्यात पाय टांगून पडली होती आणि नर्सला झेंडूचा भाव समजावत होती. तिला बोलतं करायला काही कष्ट पडले नाहीत. थांबवायला पडले असते.

“रामराम घातला की त्यानं! दोन्ही हात असे. मी पन हात जोडले. अन् जोडलेलेच राह्यले, गाडी आली ना अंगावर!” ती म्हणाली. “पोलिसाला सांगितलं मी. त्यो म्हनतो, म्हंजे ड्रायव्हरचे हात गाडीवर नव्हते, लिवा निष्काळजी! आता घ्या. हात लावला म्हनलं तरी धोंडीरामच मरतो, नाय लावला म्हनलं तरी धोंडीरामच मरतो. हा काय न्याव झाला व्हय?”

मनीषाला हसू आलं आणि पटलंही. ज्या साक्षीनं माणूस सुटायचा, तीच त्याच्या गळ्यात पडत होती.

“फुलं तुमच्याकडूनच घेतली होती का गाडीला?”

“मंग! मळ्यातली फुलं, मी सोता ओवलेल्या माळा. सकाळी साहेबाची आई आली, अक्काबाई. लय चांगली बाई. पाच माळा घेतल्या.”

“चार,” मनीषा म्हणाली. “पुढं, मागं आणि दोन दारांना.”

“पाच! मला शिकवता का? पाच झेंडू, एक पांढरी शेवंती, पुन्हा पाच झेंडू, अशा पाच माळा. अन् साध्या दोऱ्यात नाय हां. आमच्या भावाची द्राक्षाची बाग हाय, तिथं वेली बांधायचा निळा नायलॉनचा दोरा असतो. त्यात ओवते मी. बैल बांधा, तुटायचा नाय. पाचवी माळ ह्याच्यासाठी म्हनली अक्काबाई,” आणि नवसाबाईनं हवेत दोन्ही हातांनी गोल चाक फिरवून दाखवलं.

निळा दोरा. मनीषाच्या डोळ्यांपुढे गणपतीच्या पायाशी पडलेला तो बोटभर तुकडा आला.

ती खाली आली. दवाखान्याच्या आवारात रिक्षा, मोटारसायकली, रुग्णवाहिका ओळीनं उभ्या होत्या, आणि एकूण एक वाहनाला सुकत चाललेली झेंडूची माळ होती. तिची स्कूटर तेवढी मोकळी. तिच्या घरी विजयादशमीला सगळी मंडळी पांढरे कपडे घालून त्रिरश्मी लेण्यांवर वंदनेला जात. गाडीला हार घालायची पद्धत त्यांच्यात नव्हती. म्हणूनच कदाचित, बाकीच्यांना सवयीनं दिसेनासं झालेलं तिला दिसत असावं.

तिनं रखवालदाराला विचारलं, “मामा, ही माळ कधी काढतात हो?”

“काढतं कोण, ताई? दसऱ्याची माळ काढत नसतात. वाळून वाळून आपली आपण गळते. माझ्या सायकलची तर दिवाळीपर्यंत टिकते.”

मग स्वयंरथाच्या स्टीअरिंगवरची माळ तीनच दिवसांत कोणी काढली? आणि बाकीच्या चार तशाच ठेवून ती एकच का काढली?

४

चिमाजी बोरस्ते द्वारका चौकातल्या रिक्षा थांब्यावर सापडला. विम्याची बाई म्हटल्यावर त्यानं आधी भाषणच सुरू केलं.

“अहो, पांढऱ्या पट्ट्यावर चालते म्हणे! नाशकात पांढरा पट्टा आहे कुठं? असला तर त्यावर भाजीवाला बसलेला. ती गाडी शालिमार चौकात नेऊन उभी करा. समोरून गाय, मागून वरात, मधून सायकल. कोणी वाट देईल म्हणून उभी राहील ती, पुढच्या कुंभमेळ्यापर्यंत!” थांब्यावरची मंडळी खदखदून हसली. चिमाजीचा आवाज मात्र खाली आला. “हसायचं सोडा. ती गाडी उद्या चालली, तर ही माणसं काय करतील? याचं उत्तर कोणी देत नाही, बाई. साहेबही नाही.”

“म्हणून धोंडीरामला गाडी आपटायला सांगितलीत?”

चिमाजी तिला बाजूला घेऊन गेला.

“नोकरी सोड म्हणून सांगायला गेलो होतो. नाही म्हणाला. म्हणाला, ‘भाऊ, गाडी चांगली आहे, तुम्ही उगाच भिता.’ माझ्याच साडूनं माझ्या तोंडावर सांगितलं! हे तो पोलिसांना सांगत नाही, कारण मग संघटनेत माझी लाज जाते. वेडा आहे. स्वतः आत जाईल, पण साडूला उघडं पाडणार नाही.”

मनीषाला वाईट वाटलं आणि रागही आला. असली भिडस्त माणसंच नेमकी अडकतात.

“अपघात झाला तेव्हा तुम्ही कुठं होतात?”

“गेटवर, काळे झेंडे घेऊन. गाडीपाशी पहिला मीच पोचलो. धोंडीराम दगडासारखा बसलेला. दार उघडून ओढला त्याला. तिथं ती माळ आडवी येत होती, माझ्या घड्याळात दोरा अडकला. हे बघा.” त्यानं घड्याळ पुढे केलं. स्टीलच्या पट्ट्याच्या कडीत निळ्या दोऱ्याची एक तार अजून गुंतलेली होती.

“म्हणजे अपघातानंतर माळ स्टीअरिंगवर होती?”

“होती की. धडधाकट होती.”

“तुमच्यानंतर गाडीत कोण गेलं?”

“ज्ञानेशसाहेब. नोंदीचा डबा काढायचा म्हणून पाच-दहा मिनिटं आत होते. मग पोलीस आले, कुलूप लागलं. दुसरं कोणी नाही.”

मनीषा स्कूटरवर बसली. ज्ञानेशनं माळ काढली, हे आता दिसतच होतं. पण दिसणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. माळ हाती लागल्याशिवाय तोंड उघडण्यात अर्थ नव्हता. आणि तीन दिवसांत ती कुठल्या उकिरड्यावर गेली असेल कोण जाणे.

उकिरड्यावर? ती स्कूटर चालू करता करता थांबली. छे! गाडीत गणपती बसवणारा हा माणूस हजार गोष्टी लपवेल, पण पूजेतली माळ केरात टाकायचा नाही.

५

गंगापूर रोडवरच्या गायधनींच्या घरी अक्काबाई एकट्याच होत्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, बोलताना पदर सावरत राहणाऱ्या. विम्याचं काम म्हटल्यावर त्यांनी आधी कॉफी ठेवली.

“झोप नाही हो मला तेव्हापासून,” त्या म्हणाल्या. “त्या बाईचा पाय मोडला. आणि धोंडीराम! दिवाळीला माझे डबे पोचवणारा माणूस. तो असं करेल यावर माझा विश्वास नाही. पण ज्ञानेश म्हणतो, यंत्र खोटं बोलत नाही.”

“पूजा तुम्हीच केलीत ना, आजी?”

“मीच. आता तुम्हाला म्हणून सांगते, मला ती गाडी सुरुवातीपासून भीतीदायक वाटायची. रिकामं स्टीअरिंग आपोआप फिरतंय, बघवत नाही हो! म्हटलं, माणूस नाही तर नाही, निदान देवाच्या हाती तरी लगाम असू दे. म्हणून एक माळ घेतली, तिचं एक टोक स्टीअरिंगच्या डाव्या दांडीला बांधलं आणि दुसरं गणपतीच्या हाताला. चांगली पक्की गाठ मारली. ज्ञानेशला सांगितलंही नाही, उगाच हसला असता. तो पाहुण्यांमध्ये होता.”

मनीषानं कप खाली ठेवला. भाबडेपणानं एका आईनं केवढी गोष्ट सांगून टाकली होती, आणि तिला स्वतःला तिचा पत्ता नव्हता.

“आजी, तुमच्याकडचं निर्माल्य कुठं टाकता?”

“टाकत नाही, बाई. पिशवीत साठवते आणि गोदावरीवर नेते. मागच्या दाराशी आहे, तुळशीजवळ. या वेळी गुडघ्यांनी जाऊ दिलं नाही. ज्ञानेशनंही एक माळ आणून टाकलीय, म्हणाला नदीत सोडायची आठवण ठेव.”

मागच्या दारी खिळ्याला कापडी पिशवी टांगली होती. तिच्या तोंडातून सुकलेल्या झेंडूचं टोक लोंबत होतं. पाच झेंडू, एक पांढरी शेवंती, पाच झेंडू. टोकाला निळा दोरा. मनीषानं हात पुढे केला.

“पिशवीला हात लावू नका, मॅडम.”

ज्ञानेश दारात उभा होता. त्याचा श्वास लागला होता.

“का रे?” अक्काबाईंनी विचारलं. “निर्माल्यच तर आहे.”

ज्ञानेश पिशवीकडेच बघत होता. आई त्याच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं ज्याचा चेहरा वाचला, त्याचा तो आताही वाचायला तिला वेळ लागला नाही. तिनं स्वतः पिशवी खिळ्यावरून काढली आणि छातीशी धरली.

“उद्या सकाळी दहाला शेडवर या, आजी,” मनीषा म्हणाली. “पिशवी तुम्हीच आणा.”

“आणते,” अक्काबाई म्हणाल्या. मुलाकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये इन्स्पेक्टर निकम, धोंडीराम, चिमाजी, ज्ञानेश आणि अक्काबाई जमले. व्हॅनची पुढची चाकं जॅक लावून उचलली होती. मनीषानं अक्काबाईंच्या पिशवीतून माळ काढली आणि तिचं कापलेलं टोक गणपतीच्या पायाशी सापडलेल्या तुकड्याला लावलं. दोन्ही टोकं तंतोतंत जुळली.

“आजी, जशी बांधली होती तशी बांधा.”

अक्काबाईंनी गाठी मारल्या. एक डाव्या दांडीला, एक गणपतीला. मधे माळ सैल, झोपाळ्यासारखी.

“गाडी सुरू करा. सरळ जाऊ द्या.” ज्ञानेशनं यंत्रमानवासारखी आज्ञा पाळली. स्टीअरिंग किंचित डुलत राहिलं, माळही डुलली. गुडघ्यापाशी हिरवा दिवा होता. “सरळ रस्त्यावर काही बिघडत नाही,” मनीषा म्हणाली. “दोनशे मीटर बिघडलं नव्हतं. आता डावं वळण द्या.”

स्टीअरिंग आपोआप डावीकडे फिरायला लागलं. डावी दांडी खाली गेली, गणपतीपासून दूर. माळ वर उचलली गेली, ताणली, आणि निळा दोरा तारेसारखा ताठ झाला. यंत्र ओढत होतं, दोरा सोडत नव्हता. साधा दोरा असता तर केव्हाच तुटला असता. हा द्राक्षाच्या वेली पेलणारा होता.

टक्. दिवा लाल झाला. स्टीअरिंग ढिलं पडलं आणि सरळ होऊन थांबलं. गाडीला कोणाचाही हात लागलेला नव्हता.

“अरे तिच्या!” इन्स्पेक्टर निकम वाकून बघत म्हणाले.

“यंत्राला वाटलं, माणसानं स्टीअरिंग धरलं,” मनीषा म्हणाली. “म्हणून ते बाजूला झालं. धोंडीरामभाऊंना वाटलं, यंत्र चालवतंय, कारण ताबा त्यांच्याकडे आल्याचं त्यांना कोणी सांगितलंच नाही. भोंगा बसवलेला नव्हता. दोन सेकंद ही गाडी कोणीही चालवत नव्हतं. आणि भाऊंनी स्टीअरिंग धरलं नाही, याचा पुरावा इथंच आहे. कुंकवाची ही पाच बोटं बघा. चालत्या गाडीचं चाक दोन्ही हातांनी ओढलं असतं, तर एक तरी फिस्कटलं असतं.”

धोंडीरामनं आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. चिमाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“डबा खोटं बोलत नव्हता, गायधनीसाहेब. पण त्याला कळत होतं तेवढंच तो बोलत होता. तुम्हाला मात्र त्याहून जास्त कळलं होतं. गाडीत शिरताच माळ दिसली, आणि सगळं उमगलं. गाठ सुटेना, म्हणून कापली. बाकीच्या चार माळांना हात लावायचं कारणच नव्हतं. नववा रकानाही आधी टाइप केला नाहीत. काय लिहावं, हे तुम्हालाही कळत नव्हतं.”

ज्ञानेश लाल दिव्याकडे बघत होता.

“सात वर्षं,” तो म्हणाला. “घर गहाण टाकलं. रोज या देशात माणसाच्या चुकीनं माणसं मरतात, त्याची बातमी होत नाही. माझ्या यंत्राकडून एक चूक झाली की संपलं, पुन्हा कोणी वीस वर्षं नाव काढणार नाही. आणि चूक कशानं? माळेनं! जगातल्या कुठल्या पुस्तकात लिहिलंय, की स्टीअरिंगला गणपतीशी बांधतील म्हणून? आणि ती माळ आईची. तिला काय सांगू, की बाईचा पाय तू मोडलास?”

“मग त्यापेक्षा धोंडीरामचं आयुष्य मोडलेलं बरं, असं ठरवलंस?” अक्काबाईंचा आवाज शेडभर घुमला. “माझं नाव सांगून दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊ नकोस! मला सांगितलं असतंस तर मी रडले असते, चार दिवस जेवले नसते. मेले नसते. पगारेबाई, माळ मी बांधली. त्या रकान्यात माझं नाव लिहा.”

“आजी, तुमच्याकडे लायसन्स नाही,” मनीषा म्हणाली. इतक्या ताणातही चिमाजी फिस्सकन हसला, आणि मग अक्काबाई धोंडीरामपुढे हात जोडून उभ्या राहिल्या, तसं कोणीच हसलं नाही. धोंडीरामनं घाईघाईनं त्यांचे हात खाली केले.

“असं करू नका, आई. दिवाळीला डबे पोचवायला मीच येणार हाय,” तो म्हणाला.

मनीषा ज्ञानेशकडे वळली. “माझे वडील मनमाडला रेल्वेत पॉइंट्समन होते. एकेरी रुळावर गाडी सोडायची तर ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा द्यावा लागायचा. गोळा हातात आल्याशिवाय गाडी हलायची नाही. बाबा सांगायचे, देणाऱ्यानं ‘दिला’ म्हणायचं आणि घेणाऱ्यानं ‘घेतला’ म्हणायचं. दोघांपैकी एकानं गृहीत धरलं, की अपघात ठरलेला. तुमच्या गाडीत कॅमेरा आहे, संगणक आहे, सगळं आहे. तेवढा गोळा नाही.”

इन्स्पेक्टर निकमांनी खिशातून लायसन्स काढलं, पण लगेच दिलं नाही. “माझ्या कागदावर काय लिहू, मॅडम? चालक कोण?”

मनीषानं अर्ज काढला. नवव्या रकान्यातलं धोंडीरामचं नाव एका आडव्या रेघेनं खोडलं, शेजारी सही केली आणि खाली लिहिलं: ‘कोणीही नाही. सविस्तर अहवाल सोबत.’ नवसाबाईच्या उपचाराचा खर्च कंपनी तसाही देणारच होती. पण या उत्तरावर मुंबईचं ऑफिस तिला दहा पत्रं पाठवणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या संगणकात हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नसे.

ज्ञानेशला घेऊन इन्स्पेक्टर जीपकडे गेले. पुरावा लपवणं आणि खोटी माहिती देणं, दोन्ही कलमं त्याला लागणार होती. अक्काबाई पिशवी घेऊन जीपमागून चालत गेल्या.

बाहेर ऊन चढलं होतं. धोंडीराम लायसन्स दोन्ही हातांत धरून उभा होता, फोटोवरची धूळ अंगठ्यानं पुसत. चिमाजी रिक्षा आणायला गेला होता.

“दवाखान्यात जायचंय, मॅडम,” धोंडीराम म्हणाला. “नवसाबाईला सांगायचंय.”

“मीही तिकडेच निघालेय. बसा मागं.” मनीषा स्कूटरपाशी गेली, किल्ली लावली आणि थांबली. चार दिवस हा माणूस कोणाच्या ना कोणाच्या गाडीत मागं बसत होता, पोलिसांच्या, वकिलाच्या, साडूच्या. तिनं किल्ली काढून त्याच्यापुढे धरली.

धोंडीरामनं हात पुढे केला, पण किल्ली लगेच घेतली नाही.

“दिली?” त्यानं विचारलं.

“दिली,” मनीषा म्हणाली.

“घेतली,” तो म्हणाला आणि मग किल्ली घेतली.